तिसऱ्या कुत्र्याचा ताबा

माझ्या आत्याच्या यजमानांइतका नियमांवर जीव असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि तोच माणूस नियमातून पळवाट काढायला निघाला की त्याच्याइतका कच्चा माणूसही सापडायचा नाही. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाजी म्हणतात. मामाजी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. अमरावतीतल्या त्यांच्या कॉलनीत लोक त्यांना अजून सर्कलसाहेब म्हणतात आणि ते अजून त्याला ओ देतात. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. या धुऱ्यांचे वाद ऐकणं, पंचनामे करणं आणि फेरफार मंजूर करणं एवढंच त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्तीनंतर हाताशी जमीन राहिली नाही, तेव्हा त्यांनी उरलेलं जग कामाला घेतलं. लग्नाला गेले की आहेर द्यायच्या आधी मांडव पावलांनी मोजतात आणि मांडववाल्यानं किती कापड कमी टाकलं ते मुलीच्या बापाच्या कानात सांगतात. ऑटोत बसले की ऑटो ज्या चौकात उभा आहे तिथं पूर्वी कोणाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती हे ऑटोवाल्याला ऐकावं लागतं. कोणाकडे मयतीच्या भेटीला गेले तर बराच वेळ मान खाली घालून बसतात, आणि चहा आला की कप हातात घेऊन हळूच विचारतात, “वारस लावले काय?” ऐकणाऱ्याला आधी राग येतो. पण आठवडाभरात त्याच घरचा कोणीतरी कागदांची पिशवी घेऊन त्यांच्या व्हरांड्यात बसलेला असतो.

त्यांचा सगळा भरवसा कागदावर. “कागद बोलते. मानूस बोलते ते हवा हाय,” असं ते म्हणतात. सिलिंगच्या काळात, म्हणजे एका घरानं जमीन किती ठेवावी याला सरकारनं मर्यादा घातली तेव्हा, पुष्कळांनी जास्तीची जमीन भावाच्या, साळ्याच्या, व्याह्याच्या नावावर नुसती कागदोपत्री करून ठेवली होती. पुढं साळ्यांची मुलं मोठी झाली आणि जमीन आमचीच म्हणायला लागली. मग मूळ मालक डोळ्यांत पाणी घेऊन मामाजींच्या कचेरीत यायचे. मामाजी त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे, स्वतःच्या हातानं सुपारी कातरून द्यायचे आणि सांगायचे, “तुमी म्हनता फक्त नावावर केली. पन बापा, नावावर केली म्हंजे देल्ली.” हे वाक्य ते इतक्या मायेनं म्हणत की समोरचा हरल्याचं विसरून नमस्कार करून जायचा. मी लहानपणी त्यांच्या टेबलाशेजारी बसून हे ऐकलेलं आहे, म्हणून पुढची हकिकत सांगताना मला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं.

आता कुत्र्यांकडे येतो. मामाजींनी आयुष्यात एकही कुत्रं विकत घेतलं नाही आणि एकही मागून आणलं नाही. ते एसटीनं फिरत आणि कुत्री त्यांना स्टँडवर भेटत. बस सुटायला वेळ असला की मामाजी बिस्किटाचा पुडा घेऊन फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहत, आणि जे पिल्लू बिस्किट खाऊनही पाय सोडत नसे ते त्यांच्याबरोबर घरी येई. नाव ठेवण्यात त्यांनी कधी वेळ घालवला नाही. जिथं मिळालं त्या गावाचं नाव. बडनेऱ्याच्या स्टँडवर मिळाला तो बडन्या, मूर्तिजापूरला मिळाली ती मूर्ती, आणि दर्यापूरला, एका लग्नाहून परत येताना, ज्यानं त्यांच्या धोतराच्या सोग्याला धरून थेट बसच्या पायरीपर्यंत मजल मारली, तो दर्या. बडन्या थोराड आणि आळशी होता. मूर्ती बेरकी, आत्याच्या बाजूची. दर्या मात्र फक्त मामाजींचा. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. मामाजी आंघोळीला गेले तर न्हाणीच्या दारात बसायचा, आणि त्यांना कोणी मोठ्यानं बोललं की मधे येऊन उभा राहायचा. आत्याला मोठ्यानंच बोलायची सवय, त्यामुळे दर्याचा बराच दिवस दोघांच्या मधे उभं राहण्यात जात असे.

लाड असले तरी लशीच्या बाबतीत मामाजी कडक. त्यालाही कारण आहे. नोकरीत असताना एका पंचनाम्याला त्यांना गावातलं कुत्रं चावलं होतं आणि त्या काळातली पोटातली इंजेक्शनं त्यांना घ्यावी लागली होती. ती आठवण निघाली की ते अजून पोटावरून हात फिरवतात. तेव्हापासून जेवण झालं का हे विचारायच्या आधी लस झाली का हे विचारायचा त्यांचा रिवाज. त्यांच्या मुलीचं लग्न ठरवायला आम्ही अकोल्याला गेलो, तर मुलाकडे एक पांढरं, केसाळ कुत्रं होतं. देण्याघेण्याचं बोलणं सुरू व्हायच्या आत मामाजींनी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, “बाकीचं मंग बोलू. पह्यले लशीचं कार्ड दाखवा.” मुलाची आई आत गेली आणि बराच वेळ कपाट उचकून मुलाला लहानपणी दिलेल्या डोसांचं पिवळं पडलेलं कार्ड घेऊन आली. मामाजींनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, “हेबी बराबर हाय,” म्हणाले आणि मग कुत्र्याचं मागितलं. लग्न झालं. मुलगी सुखात आहे आणि तिच्या सासरचं कुत्रं दरवर्षी वेळेवर सुई घेतं.

पण मामाजींच्या लसीकरणाचं खरं वैशिष्ट्य निराळंच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्याला हळद आणि तूप पळसाच्या पानानं चोळायचं आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. मामाजी शेतकऱ्याच्या घरचे. शहरात घर झालं, बैल सुटले, पण आवतन सुटेना. तेव्हा त्यांनी कुत्र्यांची लस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरवून टाकली. त्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडाचे नंदी घेऊन दारोदार फिरतात. “बैलाचा मान झाला, पोराइच्या नंदीचा झाला, मंग कुत्र्यानं काय घोडं मारलं?” असं त्यांचं म्हणणं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते तिन्ही कुत्र्यांना ओळीनं बसवत, सुई जिथं टोचतात त्या खांद्याला हळद-तूप लावत आणि प्रत्येकाला बैलाइतक्याच अदबीनं आवतन देत. कुत्र्यांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पळसाचं पान दिसलं की ती आपण होऊन खांदा पुढं करून बसायची. लस देणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र वैतागत. त्या दरवर्षी म्हणायच्या, “काका, पुढच्या वर्षी तूप नका लावू, चिमटीत कातडी धरताच येत नाही, घसरते.” मामाजी दरवर्षी हो म्हणायचे आणि दरवर्षी घरच्या लोण्याचं तूप कढवायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शहरात नियम आला. कुत्रं पाळायचं तर परवाना पाहिजे, परवान्याला रेबीजच्या लशीचा दाखला पाहिजे, गळ्यात बिल्ला पाहिजे, आणि एका घरात दोनच. मामाजींनी पेपरातली बातमी दोनदा वाचली. परवान्याचं कलम वाचून मान डोलावली, लशीचं वाचून “आता कुठं अक्कल आली” म्हणाले, बिल्ल्याचं वाचून तर खूषच झाले. दोनच, हे वाचल्यावर मात्र त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. अंगणात तीन वाट्या ओळीनं होत्या. त्या त्यांनी बोटानं मोजल्या. मी म्हणालो, “मामाजी, इतकी काळजी करू नका, कोण येतं घरोघर मोजायला.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी धुऱ्याचा दगड उपटून फेकला होता. “नियम हाय,” ते म्हणाले, “अन् नियम चांगला हाय. मोहल्ल्यात एखाद्यानं पंधरा कुत्रे पाळले अन् सुई एकाले नाई देल्ली, तर पोराइनं कुठं खेळाव? नियम पाळाचाच. पन दर्याले कुठं सोडू?”

नियम पाळायचा आणि दर्याही सोडायचा नाही, यावर मामाजींनी जे डोकं लावलं ते अस्सल सिलिंगच्या काळातलं होतं. एका घरात दोन, तर घरं दोन करायची. पहिली योजना अशी की आत्यानं वेगळं निघायचं. आतल्या खोलीत तिची वेगळी चूल, वेगळं गॅसचं कार्ड, आणि दर्या तिच्या नावावर. मामाजींनी हे जेवताना सांगितलं. आत्यानं भाकर तव्यावरच राहू दिली आणि कमरेवर हात ठेवला. “सासू होती तवा मी रोज म्हनो, वेगळं निघू. तवा तुमी निघाले नाई. आता म्हातारपनी कुत्र्यापाई निघता काय? लोकं काय म्हनतीन, सर्कलसाहेबाची बायको कुत्र्यानं तोडली म्हनून?” दर्या नेहमीप्रमाणे मधे येऊन उभा राहिला. भाकर करपली आणि पहिली योजना तिथंच बारगळली.

दुसरी योजना मामाजींना पहिल्यापासून माहीत असणार, पण ती त्यांच्या तोंडातून निघेना. घराच्या मागच्या दोन खोल्या कागदावर त्यांच्या धाकट्या भावाच्या होत्या. वडील गेले तेव्हा वाटणीत शेत निम्मं-निम्मं झालं आणि शहरातल्या प्लॉटचा मागचा भाग धाकट्याच्या वाट्याला आला. धाकटे गावाकडे दर्यापूरजवळ शेती करतात, शहरात कधी राहिले नाहीत, खोल्यांना कुलूप. म्हणजे कागदावर त्या आवारात दोन घरं आधीच होती. फक्त दोघा भावांचं बोलणं नव्हतं. शेताची वाटणी करताना मधला धुरा मामाजींनी स्वतः टेप लावून आखला आणि दगड रोवला. धाकट्यांचं म्हणणं, दगड हातभर माझ्या अंगावर आला. मामाजींचं म्हणणं, मी जन्मभर लोकांचे धुरे सोडवले, मला आखता येत नाही काय? धाकट्यांचं त्यावर म्हणणं, “तुले टेप समजते, दादा, जमीन समजत नाई.” त्या दिवसापासून दगड जिथल्या तिथं आणि भाऊ आपापल्या ठिकाणी. मधे धाकट्यांची बायको वारली तेव्हा मामाजी जाऊन आले. तिथं त्यांनी वारस लावल्याचं विचारलं नाही, एवढ्यावरून ते किती हलले होते ते मला कळलं. पण भावाशी शब्द बोलले नाहीत.

निरोप द्यायला अर्थातच मला पाठवलं. मी इथल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो, माझी दुपार रिकामी असते, आणि आमच्या घराण्यात रिकाम्या दुपारला मान नाही. धाकटे त्यांच्या घरापुढच्या बाजेवर एकटेच बसले होते. गोठ्यात बैल नव्हते. गुडघे चालेनात म्हणून बैल विकले आणि आता शेत भाड्याच्या ट्रॅक्टरवर, असं त्यांनी सांगितलं. मुलगा पुण्याला. मी नियमाचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, नुसतं नावापुरतं आहे, कुत्रं तिकडंच राहील. त्यांनी ऐकून घेतलं. “त्यानं सोता म्हनलं काय, माह्या नावावर कर म्हनून?” मी हो म्हणालो. ते थोडं हसले. “मंग लिव्हा म्हना. जलमात पह्यल्यांदा काही देऊन राह्यला.”

परवान्याची आणि लशीची सोय त्या वर्षी एकाच ठिकाणी, वॉर्डाच्या ऑफिसच्या पटांगणात मांडव घालून केली होती, आणि पोळा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मामाजींना तो शुभशकुन वाटला. मालक स्वतः हजर पाहिजे, कुत्र्याबरोबर मालकाचा फोटो निघणार, म्हणून धाकटे सकाळच्या जीपनं दर्यापूरहून आले. स्वच्छ पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मामाजींनीही ठेवणीतलं धोतर नेसलेलं. दोघं भाऊ मांडवात चार हातांवर उभे आणि मधे आत्या. बोलणं सगळं तिच्यातून. “वहिनी, त्याईले सांगा, पट्टा ढिल्ला हाय.” “त्याले म्हना, गळा दुखते म्हनून ढिल्ला ठेवला.” आत्या दोघांकडेही न बघता पिशवीतले चणे खात होती. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही कुत्र्यांच्या तुपकट खांद्यांना सुया दिल्या, हात पुसला आणि यंदा काही बोलल्या नाहीत.

मग फोटो. दर्या धाकट्यांच्या पायाशी बसला आणि मामाजी त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले, अगदी सवयीनं. टेबलामागचा कारकून चांगला माणूस होता. तो म्हणाला, “काका, बाजूले व्हा. फोटो मालकाचाच पायजे.” मामाजी बाजूला झाले. फोटो निघाला. कारकुनानं विचारलं, कुत्रं कुठं राहतं? मामाजी म्हणाले, “त्याच्याच खोलीत. मांगच्या अंगाले.” कारकुनानं धाकट्यांना विचारलं, तुम्ही कुठं राहता? धाकट्यांना खोटं बोलायची सवय नाही. “दर्यापूरच्या अल्याड, गावात.” कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं, की मालक गावाला आणि कुत्रं इथं, असं नाही चालायचं. मालक राहतो तिथंच कुत्रं राहिलं पाहिजे, नाहीतर तिसरं कोणालातरी देऊन टाका. मग धाकटे म्हणाले, “देऊन कायले टाकाचं? माह्या नावावर हाय ना. मी नेतो.”

आम्ही सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. ज्या माणसानं हजारो हरकती ऐकल्या तो आता स्वतःची हरकत कशी मांडतो, हे ऐकायला मी टेबलाजवळ सरकलो. त्यांच्याकडे मुद्दे पुष्कळ होते. दर्या त्यांनी आणला, त्यांनी वाढवला, ताबा त्यांचा, वहिवाट त्यांची. ते दर्याकडे बघत होते आणि दर्या त्यांच्याकडे. “नेऊ द्या,” ते आत्याला म्हणाले. “नावावर केला म्हंजे देल्ला.” तेच वाक्य होतं, पण त्यात सुपारी कातरून देणारी माया नव्हती, आणि ऐकून नमस्कार करावा असं कोणाला वाटलं नाही. जीप भरायची वाट बघत असताना धाकटे आत्याला म्हणाले, “वहिनी, मी भांडनापाई नाई नेऊन राह्यलो. घरी कोनी नाई. दिवसभर कोनाशी बोलनं होत नाई. दारात एखादा जीव असला म्हंजे मानसाले जेवन जाते.” मामाजी पाठ करून उभे होते, पण त्यांनी हे ऐकलं. जीप निघाली तेव्हा दर्या मागच्या फळीवर पुढचे पाय टेकून उभा होता आणि त्याचा एक कान उभा होता. घरी येईपर्यंत मामाजींनी एकाही जागेच्या मूळ मालकाचं नाव सांगितलं नाही.

ते वर्ष वाईट गेलं, हे सरळच सांगतो. मामाजी न्हाणीतून बाहेर येताना पाय उचलून टाकायचे, दारात कोणी बसलेलं नसूनही. भाकरीचे तीन तुकडे व्हायचे, तिसरा हातात राहायचा. आत्यानं मोठ्यानं बोलायला सुरुवात केली की ती मधेच थांबायची, कारण मधे कोणी येत नसे, आणि मधे कोणी आलं नाही तर भांडणाला रंग कसला? महिन्यातून एकदा आत्या गावाला फोन लावायची आणि मामाजी शेजारच्या खुर्चीवर पेपर धरून बसायचे. “त्याले इचार, खाते काय,” पेपराच्या मागून आवाज यायचा. तिकडून धाकटे सांगायचे, “मजेत हाय म्हना. दिवसभर धुऱ्यावर फिरते.” धुऱ्याचं नाव निघालं की पेपर थोडा हलायचा.

मग पुढच्या श्रावणात बडन्या गेला. म्हातारा झालाच होता, झोपेत गेला. मामाजींनी त्याला मागच्या कडुनिंबाखाली पुरलं आणि पोरासारखे रडले. काही दिवसांनी मी भेटायला गेलो तर मला आत बोलावून दार लोटून म्हणाले, “घरात एक जागा खाली झाली.” माझ्या लक्षात यायला वेळ लागला. “मले असं म्हनाची लाज वाटते. बडन्याची माती सुकली नाई अजून. पन खाली झाली. आता दर्याले आपल्या नावावर घेता येते. नियमानं येते.” त्यांनी नवीन पट्टा आणून ठेवला होता, लाल, पितळी कडीचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी जायचं, त्याच दिवशी परत यायचं, म्हणजे संध्याकाळी आवतन घरीच देता येईल आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुई. सगळं ठरलेलं. आत्या म्हणाली, “भाऊजी देतीन काय?” मामाजी म्हणाले, “मोठा भाऊ हाय मी. मांगून पाह्यतो.” मागून पाहतो, हे शब्द मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकले नव्हते.

निघायला उशीर झाला. मूर्तीला कळलं होतं आपण कुठं चाललो ते, आणि ती गेटमधून हलेना. मामाजी आणि मी गावात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आसपासच्या गोठ्यांतून बैल धुऊन आणलेले, तुपाचा आणि हळदीचा वास सगळ्या गल्लीत. धाकट्यांच्या गोठ्यात खुंटे रिकामेच होते. भिंतीला जुनं जू टेकवून ठेवलेलं, आणि त्याच्यापुढं धाकटे वाटी घेऊन बसले होते. त्यांच्यासमोर दर्या. पळसाचं पान धाकट्यांच्या हातात. मामाजी दारात थांबले. दर्यानं आधी वास घेतला, मग पाहिलं, आणि मग असा धावत आला की मामाजी भिंतीला धरून उभे राहिले. तो त्यांच्याभोवती फिरला, धोतर ओढलं, हात चाटले, रडल्यासारखे आवाज काढले. मामाजींचा हात पिशवीत गेला, पट्ट्यावर. तेवढ्यात दर्या त्यांना सोडून परत गेला, धाकट्यांपुढं बसला आणि त्यानं खांदा पुढं केला. त्याचं शेकणं अर्धं राहिलं होतं.

“ये दादा,” धाकटे म्हणाले. इतक्या वर्षांनी थेट. “बैल इकल्यापासून मी पोळ्याले घरातून भाइर निंघत नोहतो. आज म्हनलं, निदान जुवाले तरी हळद लावू. पान घेतलं तं हा येऊन आडवा झाला. खांदाच पुढं करे. याले कोनं शिकवलं?” धाकट्यांनी उरलेलं तूप लावलं, दर्याच्या पडलेल्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मग त्यांनी हात धोतराला पुसून भावाकडं पाहिलं. “तूबी उद्या जेवूनच जाय.” मामाजी बाजेवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “हे घरी नेऊन ठेव.”

मी एकटाच परतलो. आत्यानं दार उघडलं आणि माझ्या मागं पाहिलं. तिथं कुत्रंही नव्हतं आणि नवराही नव्हता. मामाजी पोळा करून त्याच्या दुसऱ्या दिवशी आले, तेही हात हलवत. “काहून नाई आनला?” आत्यानं विचारलं. “त्यानं आवतन देल्लं होतं,” मामाजी चपला काढत म्हणाले. “आवतन देल्लेल्या जिवाले उठवून आनता येते काय?” आत्या म्हणाली, “पोळा तं कालच होऊन गेला.” मामाजी खुर्चीवर बसले, पोटावरून हात फिरवला, मूर्तीचं डोकं खाजवलं. “पुढल्या साली बी येतेच ना पोळा,” ते म्हणाले.

आता दर पोळ्याला मामाजी आणि आत्या दोन दिवस आधी गावाला जातात. जाताना शीतपेटीत दर्याची लस नेतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती टोचायला दर्यापूरच्या जनावरांच्या डॉक्टरला जीपमध्ये बसवून आणतात. धुऱ्याचा दगड होता तिथंच आहे, हातभर इकडं की तिकडं ते अजून ठरलेलं नाही. दर्या दगडाच्या दोन्ही अंगांनी सारखीच तंगडी वर करतो, त्याच्यापुरता तो वाद मिटलेला आहे. अमरावतीच्या घरी नियमाप्रमाणे दोन कुत्र्यांची परवानगी आहे आणि एकटी मूर्ती आहे. कॉलनीतली माणसं पिल्लू घेऊन येतात, घ्या म्हणतात. मामाजी पिल्लाला बिस्किट देतात, लस झाली का विचारतात आणि म्हणतात, “जागा खाली नाई.” मूर्तीच्या वाटीशेजारी अंगणात अजून एक वाटी आहे. आत्या ती रोज घासते आणि मामाजी रोज तीत पाणी घालतात. मी एकदा विचारलं, ही कोणासाठी? “चिमन्या पितात,” ते म्हणाले. मी तिथं थोडा वेळ बसून पाहिलं. चिमण्या पितात, हे खरं आहे.